दोनाच्या खाली: घटत्या जन्मदराचा कोल्हापुरी हिशेब

महाराष्ट्रात आजही असा नियम आहे, की १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. निवडून आल्यावर झालं तर पद जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात विचारा, विरोधी गटाच्या सदस्याला घरी बसवायचे जे हुकमी डाव आहेत, त्यात तिसऱ्या अपत्याचा जन्मदाखला वरच्या नंबरावर असतो. आंध्र प्रदेशातही असाच नियम होता. २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं तो रद्द केला, आणि मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आता दोनावर थांबू नका म्हणून सांगत फिरतात. त्यांच्या बोलण्यामागं लोकसभेच्या जागांचं गणितही आहे, पण तो वेगळा विषय.

म्हणजे एक राज्य तिसऱ्या मुलाला शिक्षा देतंय आणि दुसरं त्याची वाट बघतंय. आणि दोन्ही राज्यांचा आकडा मात्र एकच आहे: १.७.

हा आकडा कसला, ते आधी बघू. जन्मदर म्हणजे हजार लोकसंख्येमागं वर्षाला किती बाळं जन्मली. त्यात तरुणांची संख्या जास्त असेल तर आकडा आपोआप फुगतो, म्हणून अभ्यासक दुसरं माप वापरतात: एकूण जननदर. आज त्या-त्या वयाच्या बायकांना जेवढी मुलं होतायत तेवढीच पुढंही होत राहिली, तर एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील, याचा हा अंदाज. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ साली, देशाचा जननदर ३.४ होता. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, तो २.० वर आला. बिहार ३.०, उत्तर प्रदेश २.४, केरळ आणि तमिळनाडू १.८, महाराष्ट्र १.७. होय, ज्या केरळचं उदाहरण आपण इतकी वर्षं देत आलो, त्याच्याही खाली.

लोकसंख्या आहे तेवढीच टिकायची तर हा आकडा २.१ लागतो. आईबापाच्या जागी दोन मुलं आली की हिशेब मिटायला हवा, मग वरचा ०.१ कशाला? तर निसर्गतः शंभर मुलींमागं साधारण १०५ मुलगे जन्मतात, आणि जन्मलेल्या सगळ्याच मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत. पुढची पिढी किती मोठी होणार हे शेवटी किती आया तयार होतात यावर ठरतं, किती बाप तयार होतात यावर नाही. जननदर १.७ असला तर आजच्या शंभर बायकांच्या जागी पुढच्या पिढीत ८१ बायका येतात, आणि त्यापुढच्या पिढीत ६६. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ होता. तोच कायम राहिला तर तिथं शंभराच्या जागी ३४ आणि मग १२. दोन पिढ्यांत शंभराच्या बारा.

आता हे २.१ कोल्हापूरला लावून बघू. इथं गोष्ट जरा अवघड होते.

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. राज्याचा आकडा त्या वेळी ९१३ होता. हे अगदी जन्मावेळचं प्रमाण नव्हे, पण अंदाजाला पुरेसं आहे. १,८३९ मुलांत ८३९ मुली, म्हणजे एक मुलगी मिळायला सरासरी २.१९ मुलं व्हावी लागतात. मधल्या मृत्यूंचा वाटा धरला तर सव्वादोनच्या आसपास. म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्याची जी पायरी बाकी जगासाठी २.१ आहे, ती आपण आपल्या हातानं सव्वादोनवर नेऊन ठेवली होती, आणि त्याच काळात मुलं मात्र दोनाच्या खाली आणली.

हे दोन्ही एकाच वेळी होण्यात योगायोग काही नाही. साधं गणित आहे. घरात पाच मुलं होत होती तेव्हा त्यात एकही मुलगा नसण्याची शक्यता बत्तिसात एक होती. दोनच मुलं झाली तर ती चारात एक होते, आणि एकच झालं तर निम्मी. आजी मुलगा होईपर्यंत वाट बघू शकत होती. चौथ्या, पाचव्या खेपेला तो व्हायचाच. सुनेला वाट बघायला जागाच उरली नाही. कुटुंब लहान हवं हे घरानं मान्य केलं, वंशाला दिवा हवा हे मात्र सोडलं नाही, आणि नेमकी तेव्हाच सोनोग्राफी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. म्हणून मुलीचा गर्भ पाडायचा हा प्रकार गरीब, मागास भागापेक्षा ऊस, दूध आणि पैसा असलेल्या भागात जास्त बोकाळला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. तरीही २००१ चा आकडा ८३९. पुढं २००९ च्या सुमारास जिल्हा प्रशासनानं सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण बसवायला सुरुवात केली आणि त्याची देशभर चर्चा झाली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचा आकडा ८६३ झाला होता, राज्याचा मात्र घसरून ८९४. सुधारणा खरी, पण राज्याच्या मागंच.

२००१ मधली ती शून्य ते सहा वयाची पोरं आज पंचवीस ते तिशीच्या घरात आहेत. म्हणजे ऐन लग्नाच्या वयात. गावोगावी जे ऐकू येतं, की पोरगं चांगलं आहे, दोन एकर बागायत आहे, व्यसन नाही, पण मुलगी मिळेना, त्याचा मोठा भाग तिथं आहे. निसर्गाच्या हिशेबानं हजार मुलांमागं साडेनऊशे मुली हव्या होत्या. शंभरावर जन्मालाच आल्या नाहीत.

पण फक्त तेवढंच कारण नाही. आपल्याकडं नवरा बायकोपेक्षा तीन-चार, कधी पाच-सहा वर्षांनी मोठा असतो. जन्म दर वर्षी घटत असले, की नंतर जन्मलेल्या मुलींचा गट आधी जन्मलेल्या मुलांच्या गटापेक्षा मुळातच लहान असतो. म्हणजे उद्या मुलामुलींचं प्रमाण अगदी सरळ झालं तरी, जन्म घटताना नवरदेवांना नवऱ्या कमीच पडणार. त्यात मुली शिकल्या. पदवी घेतलेल्या मुलीला गोठ्यातली शेणं काढायची नसतील, तर तिचं चुकलं असं मला तरी वाटत नाही. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. लोक हसले. त्या मोर्चाला वयोगटांचा तक्ता लावून बघितला असता, तर हसू आलं नसतं.

जन्म कशामुळं घटले, याचं उत्तर त्या मानानं सरळ आहे. १९५१ च्या आसपास देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १४६ वर्षभराच्या आत दगावत होती. २०२० मध्ये २८, महाराष्ट्रात १६. जगतील याची खात्री आली की लोक जास्त मुलं होऊ देत नाहीत, हे जगात सगळीकडं झालं. दुसरं कारण बायकांचं शिक्षण. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याच वर्षी विधवा पुनर्विवाहाचा कायदाही केला; त्यांच्या डोक्यात लोकसंख्या नव्हती, पण मुलगी शाळेत गेली की लग्न लांबतं आणि मुलं कमी होतात ही साखळी अशाच ठिकाणी सुरू होते. तिसरं कारण, १९५२ मध्ये जगात पहिल्यांदा सुरू झालेला सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम, त्याचा लाल त्रिकोण आणि ‘हम दो, हमारे दो’. त्याची एक बाजू कुणी बोलत नाही: महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे, आणि पुरुषांची अर्धा टक्कासुद्धा नाही. हम दो म्हणायचं आणि ऑपरेशन एकटीनं करून घ्यायचं.

आणि चौथं कारण खर्च. इंग्रजी माध्यमाची फी, क्लास, पुढं इंजिनिअरिंग. तीस गुंठे ऊस असलेला बापही आता म्हणतो, एकच असू दे पण नीट शिकू दे. या बोलण्याला उत्तर नाही.

इथं हमखास प्रश्न येतो, की मग गर्दी कमी का दिसत नाही? महाद्वार रोडला रविवारी पाय ठेवायला जागा नसते, आणि तुम्ही घटीचं काय सांगता?

पंचगंगेचा पूर बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. धरणक्षेत्रात पाऊस थांबतो, शहरात ऊनही पडतं, तरी राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढतच असतं. ३९ फुटांची इशारा पातळी, मग ४३ ची धोका पातळी. कारण वर पडून गेलेलं पाणी अजून वाटेत असतं. लोकसंख्येतही तसंच. वीस-तीस वर्षांपूर्वी जास्त मुलं जन्मली, ती आज आईबाप होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीनं एक-दोनच होऊ दिली तरी आया संख्येनंच जास्त आहेत, आणि म्हातारे पूर्वीपेक्षा उशिरा मरतात. म्हणून आकडा वाढत राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणं भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकात १७० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरायला लागेल. कोल्हापूर जिल्हा २००१ ते २०११ या दहा वर्षांत ३५.२३ लाखांवरून ३८.७६ लाखांवर गेला. वाढ दहा टक्के.

घाट उतरून खाली गेलात की वेगळं चित्र आहे. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गची २.२ टक्क्यांनी घटली. मुंबईला गेलेली माणसं हे त्याचं मोठं कारण. एखाद्या भागाची लोकसंख्या दोन गोष्टींनी ठरते, जन्म वजा मृत्यू, आणि आलेले वजा गेलेले. आपल्या देशाच्या पातळीवर दुसरी गोष्ट किरकोळ असते. गावाच्या पातळीवर बऱ्याचदा तीच सगळं ठरवते. त्यामुळं शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट आठवर आला, तर तो एकट्या जन्मदराचा परिणाम नसतो. काही कुटुंबं शहरात गेली, काही मुलं गावात येणाऱ्या पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत गेली, आणि उरलेल्या घरांत एक-एकच मूल आहे. तिन्ही मिळून पट आठ. २०२३ मध्ये राज्य सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची कल्पना मांडली तेव्हा मोठा विरोध झाला, आणि तो रास्तही होता, कारण डोंगरातल्या पोरीला चार किलोमीटर चालायला लागलं तर पहिली तीच घरी बसते. पण पट कमी होण्यामागचं कारण मात्र विरोध करून बदलत नाही.

‘माणूस मिळेना’ ही तक्रारही तशीच तपासून घ्यायला हवी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्रीच्या भट्टीपुढं आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचा कामगार उभा आहे. उसाला टोळ्या मराठवाड्यातून येतात, आणि मुकादमाला उचल देऊनही टोळी येईल याची खात्री नसते. इथली पोरं भट्टीपुढं उभी राहत नाहीत याचं कारण कष्ट आणि मजुरी आहे, संख्या नाही. अजून तरी. पण जिथून माणसं येतात तिथलं काय? उत्तर प्रदेशचा जननदर पाहणीच्या दोन फेऱ्यांत २.७ वरून २.४ झाला, बिहारचा ३.४ वरून ३.०. उतार सगळीकडं एकाच दिशेला आहे. तीस वर्षांनी बिहारी पोरगा तिथंच काम मिळतंय म्हणून राहिला, तर कोल्हापूरच्या कारखानदाराला कुठं बघायचं हे आत्तापासून ठरवावं लागेल.

मग सरकारनं पैसे देऊन मुलं वाढवता येतात का? सिंगापूरनं १९७२ मध्ये दोनावर थांबा अशी मोहीम काढली. इतकी यशस्वी झाली की १९८७ मध्ये परवडत असेल तर तीन किंवा जास्त होऊ द्या, असं सांगावं लागलं. लोकांनी ऐकलं नाही. २०२३ मध्ये तिथला जननदर एकाच्याही खाली गेला. चीननं एक मूल धोरण २०१५ मध्ये सोडलं, २०२१ मध्ये तिसऱ्यालाही परवानगी दिली, आणि २०२२ पासून त्याची लोकसंख्या घटायला लागली. दक्षिण कोरियानं २००६ पासून या कामावर दोनशे अब्ज डॉलरपेक्षा जास्त खर्च केला आणि आकडा ०.७२ पर्यंत आला. २०२४ मध्ये ०.७५ झाला तर तीही बातमी झाली. जपानमध्ये १९६६ हे ‘अग्नीच्या घोड्याचं’ वर्ष होतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते अशी समजूत, आपल्याकडच्या कडक मंगळाची थोरली बहीण म्हणा. जन्म एका वर्षात चौथ्या हिश्श्यानं घटले, जननदर १.५८. सगळ्यांना वाटलं, याच्या खाली काय जाणार. १९८९ मध्ये कुठलाही अपशकुन नसताना तो १.५७ झाला, आणि २०२४ मध्ये १.१५. तिथली लोकसंख्या २००८ च्या सुमारास १२.८ कोटींवर जाऊन घटायला लागली. २०२३ च्या पाहणीत देशभर ९० लाख घरं रिकामी होती.

पैशानं काहीच होत नाही असं नाही. जिथं पाळणाघर स्वस्त आहे, बापालाही रजा मिळते, आणि बाळंतपणानंतर बाईला कामावर परत घेतात, तिथं घसरण सावकाश होते. पण एकदा दोनाच्या बऱ्याच खाली गेलेला आकडा कुणी परत २.१ वर आणून तिथं टिकवून दाखवलेला नाही. त्यामुळं ‘हिंदूंनी चार होऊ द्या’ किंवा ‘आमच्या जातीनं तीन होऊ द्या’ अशी भाषणं ठोकणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं. भाषण संपल्यावर त्यांच्या स्वतःच्या घरातली मुलं मोजा.

घट वाईटच असते असंही नाही. कोल्हापूरच्या शेतीचं सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे वाटणी. पणजोबाची बारा एकर चार भावांत तीन-तीन, मग पुढं तीस-तीस गुंठे, आणि बांधावरून कोर्टात वीस वर्षं. एकच वारस असला तर सातबाऱ्यावरची नावं वाढायची थांबतात. शाळेत शिक्षकामागं मुलं कमी येतात. आईचं शरीर बाळंतपणात झिजत नाही. हा फायदा खराच आहे, आणि तो बऱ्याच अंशी बायकांना मिळालेला आहे.

पण नाती मात्र जातात, आणि याचा विचार आपल्याकडं फारसा झालेला नाही. लग्नात मंगलाष्टकांच्या आधी माईकवरून पुकारा होतो, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. एकुलत्या एका मुलीला झालेल्या मुलीला मामा नसतो. एकुलता एक आणि एकुलती एक यांच्या मुलाला काका, आत्या, मामा, मावशी यांतलं कुणीच नसतं, आणि साहजिकच चुलत, मामे, मावस भावंडंही नसतात. मंडपात चुलतमामा उभा करता येईल. पण आपल्याकडं भावकी म्हणजे भांडणं एवढंच नव्हतं. दवाखान्यात रात्री थांबायला कोण, मयताला खांदा द्यायला कोण, पोराच्या फीला हात उसने कुणाकडून, हे सगळं त्याच जाळ्यात होतं. सरकारी योजनेत याला पर्याय नाही.

देशात २०२२ मध्ये साठीच्या पुढचे सुमारे १४.९ कोटी लोक होते. २०५० मध्ये ते ३४.७ कोटी होतील, पाचात एक, असा अंदाज आहे. जपान श्रीमंत झाल्यावर म्हातारा झाला. आपण त्याआधीच होतोय. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबाला केंद्राकडून महिन्याला २०० रुपये मिळतात, आणि हा आकडा २००७ पासून हललेला नाही. राज्य आपल्या योजनांतून भर घालून १,५०० पर्यंत नेतं. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, आणि जोतिबाच्या गाडीत बसलेल्या आज्या बघितल्या तर ही योजना राज्याच्या बऱ्याच मोठ्या योजनांपेक्षा जास्त लोकांच्या कामी आली असं वाटतं. २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार आहेत.

पण या सगळ्यात एक काम कुठंच येत नाही. पक्षाघात झालेल्या माणसाला कार्डावर दवाखान्यात दाखल करता येतं. डिस्चार्ज झाल्यावर पुढची आठ वर्षं त्याला उठवायचं, संडासला न्यायचं, भरवायचं, कूस बदलायची, हे कार्डात नाही. ते आजवर सुनेनं केलं. एकीला जमलं नाही तर दुसरीनं, नाहीतर माहेरी आलेल्या लेकीनं. २००१ च्या त्या हजार मुलांमागं शंभरावर मुली कमी होत्या, त्यातून सुनाही तेवढ्याच कमी झाल्या, आणि ज्या आहेत त्या पुण्यात हिंजवडीला नोकरीत आहेत. त्यांनी नोकरी सोडून यावं, असं त्यांचे नवरेसुद्धा म्हणत नाहीत, कारण फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारावर आहे. जपाननं २००० मध्ये यासाठी वेगळा विमा सुरू केला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं हप्ता भरायचा, आणि अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी माणूस पाठवायची जबाबदारी गावच्या पालिकेची. आपल्याकडं शहरांत एजन्सीवाले केअरटेकर पाठवतात, त्याचा पगार ज्याला परवडतो त्याच्या घरी. कुठल्याही महापालिका निवडणुकीचा जाहीरनामा काढून बघा. रस्ते, गटारी, रंकाळ्याचं सुशोभीकरण, तालमींना मॅट, सगळं सापडेल. दिवसभर म्हाताऱ्या माणसाला सांभाळणारं केंद्र प्रत्येक प्रभागात काढू, असं लिहिलेला जाहीरनामा मी शोधतोय.